तीन नंबरची खिडकी

टोलेडोच्या म्युनिसिपल कोर्टात, तळमजल्यावर,
तीन नंबरच्या काचेला खाली अर्धचंद्र कापलाय.
ज्यांना घरातून अर्धचंद्र मिळालाय, किंवा मिळायचाय,
ते सगळे त्यापाशी येऊन वाकतात.
बोलायची जाळी वर आहे.
पण माणूस वाकतोच.

व्हर्नेटा प्रुइट वाकली नाही.
डिसेंबरच्या एकतीसला, खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं असताना आली.
लग्रेंज स्ट्रीट, दुमजली लाकडी घर, वरचा मजला,
फर्नेस नोव्हेंबरात मेलेला.
मालकाला लिहिलेल्या पत्राची प्रत आणली होती,
तारखेसकट, पोचपावतीसकट.
मधले तीस दिवस तिने काढले
ओव्हनचं दार उघडं ठेवून.

मी पाठ झालेलं म्हणाले:
भाडं बुडवलंत तर तीन दिवसांची नोटीस दारावर.
तेच भाडं इथे भरलंत तर
"माहितेय," ती म्हणाली. "वाचलंय."
सहाशे चाळीस डॉलर. शेकडा एक कोर्टाचा.
शिक्का मारला तशी हातमोजा काढून
पावतीवर फुंकत राहिली, शाई सुकेपर्यंत.

नवव्या दिवशी मालक.
कॅझिमिर ऑशिन्स्की, वय एकोणऐंशी, कोटावर कोट.
मला वाटलं ओरडेल. बहुतेक ओरडतात.
"माझं एवढंच एक घर," तो म्हणाला. "वर ती, खाली मी.
लहान मालकाला सूट असते ना?"

असते.
तीन बिऱ्हाडांपर्यंत असते,
आणि तसं भाडेकरूला आधी लिहून कळवलेलं असेल तर.

त्याने खिशातून करारनामा काढला.
बायकोचं अक्षर, अकरा वर्षांपूर्वीचं, वहीच्या पानावर:
कुत्रा चालेल.
दहानंतर रेडिओ नको.
जिन्यावरचा बर्फ ज्याला आधी जाग येईल त्याने काढावा.
परसातले टोमॅटो दोघींचे निम्मे निम्मे.
मी दोनदा वाचलं. पाठीमागेही पाहिलं.
सगळं होतं. तेवढी एक ओळ नव्हती.

"हेलेन्का असती तर," तो म्हणाला,
आणि चष्मा पुसत बसला.
मग जाळीकडे तोंड करून, जरा मोठ्याने:
"खालीही तोच फर्नेस आहे, बाई."

म्हणजे असं.
दुरुस्तीला पैसे नाहीत, कारण भाडं माझ्याकडे.
भाडं माझ्याकडे, कारण दुरुस्ती नाही.
आणि सहाशे चाळीस डॉलर माझ्यामागच्या खात्यात,
कोर्टाच्या उबेत, स्वस्थ.

यालाही वाट आहे. मालकाने अर्ज करायचा,
दुरुस्तीपुरती रक्कम न्यायाधीश सोडू शकतात.
मी फॉर्म सरकवला.
तिची हरकत नसेल तर लवकर होईल, म्हटलं.
कळवाल तिला?
"गाडीत बसलीय," तो म्हणाला.
"बर्फात मला चालवता येत नाही आता."

ती आत आली. किल्ल्या दातात,
त्याच्या हातातून पेन घेतलं.
वर त्याचं नाव, खाली स्वतःचं.
मधला 'विरुद्ध' छापील आहे,
तो खोडायला फॉर्ममध्ये जागा नाही.
ऑशिन्स्कीचं स्पेलिंग तिने न विचारता लिहिलं.
'भाडेकरूचे म्हणणे' या रकान्यात लिहिलं:
मेकॅनिक माझा चुलतभाऊ. गुरुवारी मोकळा आहे.
मी म्हटलं, इथे फक्त हरकत आहे की नाही तेवढंच लिहायचं.
मग तिने खाली लिहिलं, नाही.

पाचला खिडकीचा पडदा ओढला.
खणात माझं एक पाकीट आहे, सोमवारपासून.
माझ्या घरमालकाचं. करार मार्चअखेर संपतो,
पुढे वाढवायचा नाही. कारण दिलेलं नाही.
या राज्यात द्यावं लागत नाही.
हे मीच सांगते लोकांना, दिवसातून कितीदा तरी,
हळू आवाजात, डोळ्यांत न बघता.

आज पुन्हा काढून वाचलं, पेन्सिल हातात धरून.
तारीख बरोबर. मुदत बरोबर. सही जागच्या जागी.
त्यात मला एकही चूक सापडली नाही.